जुने मनगटी घड्याळ घेण्यापूर्वी त्याचे झाकण उघडून पाहावे

वडोदऱ्यातील रावपुरा, दांडिया बाजार अशा जुन्या वस्त्यांमधल्या मराठी घरांतून आजोबांच्या काळातील फेवर ल्यूबा, वेस्ट एंड किंवा एचएमटीची चावीची घड्याळे अधूनमधून विक्रीस निघतात. विकणारा तबकडी पुढे करतो. घेणाऱ्याने मात्र मागचे झाकण उघडून दाखवण्याचा आग्रह धरावा, आणि त्यास नकार मिळाला तर सौदा तिथेच सोडावा. झाकण जाणत्या कारागिराकडूनच उघडून घ्यावे.

आत मशीनवर कंपनीचे नाव आणि ज्वेल्सची, म्हणजे घर्षण कमी करण्यासाठी बसवलेल्या बारीक खड्यांची, संख्या कोरलेली असते. तबकडीवर १७ ज्वेल्स लिहिलेले आहे आणि मशीनवर दुसराच आकडा किंवा दुसरेच नाव आहे, असे दिसल्यास ते घड्याळ जोडजमव करून उभे केलेले आहे असे समजावे. जुन्या ओमेगाच्या मशीनवरील क्रमांकावरून काळही कळतो: दोन कोटींच्या आसपासचा क्रमांक साधारणपणे १९६३ चा, आणि झाकणाच्या आतील मॉडेल क्रमांक त्या काळाशी जुळला पाहिजे. एचएमटीचा घड्याळ कारखाना सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूत उभा राहिला. त्यामुळे १९५५ ची एचएमटी म्हणून कोणी घड्याळ दाखवले, तर पुढचे बोलणे व्यर्थ आहे.

सर्वाधिक फसवणूक तबकडीत होते, म्हणून तिथे घाई करू नये. दहापट भिंगाखाली अक्षरांच्या कडा पाहाव्यात. कारखान्यातील छपाई रेखीव असते. नंतर रंगवलेल्या तबकडीवर अक्षरे जाड, किंचित पसरलेली असतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या खुणांशी नीट जुळत नाहीत, सेकंदाच्या छोट्या वर्तुळाचा मध्य काट्याच्या दांड्यापासून सरकलेला असतो आणि सहाच्या खाली असणारी ‘स्विस मेड’ ही बारीक ओळ कधीकधी गायबच असते. एचएमटीच्या ‘पायलट’ या मॉडेलची ओळख म्हणजे काळी तबकडी. साठ-सत्तरच्या दशकातील म्हणून सांगितलेला पायलट चटक केशरी किंवा पोपटी निघाला, तर तो नव्याने रंगवला आहे असे धरूनच भाव करावा. रंगवलेली तबकडी हा गुन्हा नव्हे, ते लपवून मूळ तबकडीचा भाव मागणे हा गुन्हा आहे. डाग पडलेल्या पण मूळ तबकडीला मी स्वतः केव्हाही जास्त पैसे देईन.

काट्यांतील चमकद्रव्य, म्हणजे अंधारात चमकणारा लेप, आणि तबकडीवरील ठिपके यांचा रंग सारखाच पिकलेला असावा. तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ असेल, तर ते द्रव्य ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाचे असते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरण्यास लागणारा काळ, सुमारे १२.३ वर्षे असल्यामुळे १९७० च्या घड्याळाचे काटे आज रात्रभर झळकत असतील, तर ते नक्की नव्याने भरलेले आहेत. त्याआधीच्या घड्याळांत बहुधा रेडियम असे; त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग शेकडो वर्षे टिकतो, म्हणून काच काढून ते मुळीच खरवडू नये.

घड्याळाच्या केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, कडा पाहाव्यात: वारंवार पॉलिश केल्याने त्या गोलसर होतात आणि झाकणावरील अक्षरे पुसट होतात. पट्टा, काच आणि चावी बदललेली असली तरी फारसे बिघडत नाही.

शेवटी चावी पूर्ण भरून घड्याळ आडवे, उभे आणि पालथे ठेवून प्रत्येक वेळी बॅलन्स व्हील, म्हणजे मशीनमधले मागेपुढे झुलणारे चक्र, जोमाने फिरते का ते पाहावे, शक्य असल्यास एक दिवस चालवून वेळ ताडावी, आणि पैसे देताना कोणता भाग मूळ व कोणता बदललेला, हे पावतीवर लिहून घ्यावे.