घरांआधी शेजार सावरा

भूकंपानंतर मदतीच्या गाड्या यायच्या थांबल्या की पुनर्वसनाचं लांबचं काम सुरू होतं. ते वर्षानुवर्षं चालतं. त्याची सुरुवात एका जाड वहीपासून करा, असं मी प्रत्येक वस्तीला सांगते.

लोक तात्पुरत्या निवाऱ्यात आहेत तोवरच आळीतल्या जुन्या माणसांना घेऊन बसा आणि ओळीनं दारं आठवा. कोण कुठे राहायचं, समोर कोण, भाडेकरू कोण. एक रकाना आवर्जून ठेवा: अडीअडचणीला हे घर कुणाला हाक मारायचं? अंथरुणाला खिळलेल्या सासूला औषध कोण आणून द्यायचं, आई कामावरून येईपर्यंत पोरं कुणाच्या ओट्यावर थांबायची. पंचनाम्यात भिंती येतात, हे येत नाही. भाडेकरू आणि ज्यांच्या नावावर घर नाही अशा एकट्या बायका यादीतून गळतात, त्यांची नावं आधी लिहा.

निवारे वाटताना ही वही पुढे करा. १९९५च्या भूकंपानंतर जपानमधल्या कोबे शहरात तात्पुरती घरं सोडत काढून दिली, वृद्धांना प्राधान्यही दिलं. हेतू चांगलाच होता. पण जुने शेजारी पांगले आणि कित्येक म्हातारी माणसं बंद दाराआड एकटीच गेली. २००४मध्ये जपानमधल्याच निगाताच्या भूकंपानंतर मात्र वस्तीतल्या लोकांना शक्य तिथे एकत्रच हलवलं. तेव्हा चिठ्ठ्या टाकायच्याच असतील तर गटांच्या टाका, एकेका घराच्या नकोत.

गाव हलवायचा निर्णय घाईत घेऊ नका. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, सरळ रेषेतली घरं आली, पण जुन्या गावातली दाटी आणि जवळीक त्या आखणीत बसली नाही. गुजरातमध्ये २००१च्या भूकंपानंतर बहुतेक कुटुंबांनी हप्त्यांनी मिळालेल्या अनुदानातून आपली घरं स्वतः उभारली. मला ही वाट जास्त पटते, मात्र बांधकामावर नजर हवी.

त्यासाठी चार-पाच घरांचा गट करा आणि एकमेकांची घरं तपासा. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचा सलग पट्टा आहे का? कोपऱ्यात सळया नुसत्या टेकवल्यात, की वळवून एकमेकींत बांधल्यात? गिलावा चढला की यातलं काही दिसत नाही, म्हणून शेजाऱ्यानं पाहून सही केल्याशिवाय गिलावा करायचा नाही, हे गटातच ठरवून टाका.