खानापुरात बसून बीटा पिक्टोरिसचा वायू कसा बघायचा

खानापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ म्हणून दिसत नाही, आणि बी.एस्सी.च्या पोरांना प्रोजेक्ट हवा असतो तो नेमका तेव्हाच. मी त्यांना दुर्बीण बाजूला ठेवून लॅपटॉप उघडायला लावतो आणि एकच तारा देतो, बीटा पिक्टोरिस. (डोळ्यांनी बघायचाच असेल तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य शोधा. त्याच्या उजवीकडे, किंचित वर, हात लांब करून धरलेल्या तीन बोटांवर मंदसा ठिपका आहे, तो.)

अंतर ६३ प्रकाशवर्षं, वय सुमारे दोन कोटी वर्षं. ताऱ्यांच्या हिशेबात पोरगंच. त्याच्याभोवती डेब्री डिस्क आहे, म्हणजे धूमकेतू-लघुग्रहांच्या टकरींतून उडालेल्या धुळीची चकती. ही धूळ १९८४ मध्येच फोटोत सापडली. वायूचं तसं नाही. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत तिरिपेत धूळ दिसते, वास मात्र नाकानंच ओळखावा लागतो. इथं नाकाचं काम वर्णपट करतो.

चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं साधारण वर्षभरानंतर सगळ्यांना फुकट मिळतात. अर्काइव्हमध्ये ताऱ्याचं नाव टाका. कच्चा डेटा उतरवायच्या फंदात पडू नका, लॅपटॉपची हार्ड डिस्क भरेल आणि हाती काही लागणार नाही. तयार फिट्स क्यूब (खगोलशास्त्रात वापरतात त्या प्रकारची त्रिमितीय डेटा-फाइल) घ्या आणि 'कार्टा' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. क्यूबच्या दोन बाजू आकाशाच्या, तिसरी फ्रिक्वेन्सीची. आपल्याला हवी कार्बन मोनॉक्साइडची २३०.५३८ गिगाहर्ट्झची रेषा, म्हणजे हा रेणू ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीला उजेड सोडतो ती. धुळीचा उजेड सगळ्या चॅनेलांत जवळपास सारखाच असतो, तो आधी वजा झालाय का ते बघा.

आता पोरं हमखास अडकतात ती जागा. कॅटलॉगमध्ये या ताऱ्याचा सूर्यसापेक्ष वेग सेकंदाला सुमारे २० किलोमीटर दिलेला असतो. आल्माचे क्यूब मात्र बहुतेक वेळा एलएसआरके चौकटीत (इथं वेग सूर्याऐवजी आसपासच्या ताऱ्यांच्या सरासरी गतीच्या सापेक्ष मोजतात) असतात आणि त्यात तोच वेग जेमतेम दीड-दोन किलोमीटर भरतो. या रेषेवर एक किलोमीटर म्हणजे ०.७७ मेगाहर्ट्झ. चौकट चुकली तर तुम्ही चौदा मेगाहर्ट्झ लांब, रिकाम्या चॅनेलांत सिग्नल शोधत बसता. 'सर, वायूच नाही हो' म्हणून पोरगा आला की मी आधी फाइलच्या हेडरमधली स्पेकसिसची ओळ (वेग कुठल्या चौकटीत मोजलाय ते तिथं लिहिलेलं असतं) वाचायला सांगतो.

रेषा सापडली की वेग तपासा. ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या पावणेदोनपट धरलं, तर ८५ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) कक्षेतला वेग सेकंदाला सव्वाचार किलोमीटर निघतो. चकती आपल्याला कडेनं दिसते, म्हणून एक बाजू जवळ येताना आणि दुसरी लांब जाताना दिसली पाहिजे. दिसते. पण दोन्ही बाजू सारख्या उजळ नाहीत, नैर्ऋत्येला वायूचा मोठा गोळा आहे. २०१४ मध्ये आल्माच्या निरीक्षणांतून तो जाहीर झाला.

वायूचं वस्तुमान काढायच्या आधी एक प्रश्न वहीत लिहून घ्या: हा वायू ताजा की जुना? आडोसा नसेल तर अतिनील किरणांत कार्बन मोनॉक्साइड साधारण १२० वर्षांत तुटतो. तारा दोन कोटी वर्षांचा. म्हणजे कुणीतरी तो सतत पुरवतंय, बर्फाळ धूमकेतू आपटून फुटताहेत. मला तर अख्ख्या प्रोजेक्टमध्ये एवढा एक भागाकार सगळ्यात आवडतो.

पडताळ्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचीच ३४५.७९६ गिगाहर्ट्झची दुसरी रेषा घ्या आणि दोघींचं गुणोत्तर काढा. त्याआधी दोन्ही क्यूब एकाच बीमवर (म्हणजे सारख्याच बारकाव्यावर) आणा, नाहीतर गुणोत्तराला काही अर्थ नाही. बीटा पिक्टोरिसमध्ये हे गुणोत्तर औष्णिक समतोलाशी, म्हणजे रेणूंवर पुरेशा धडका बसत असताना जे यायला हवं त्याच्याशी, जुळत नाही. रेणूंवर आदळायला पुरेसा हायड्रोजनच नाही, आणि जन्मापासून उरलेल्या वायूत तर हायड्रोजनच जास्त असायला हवा, तेव्हा हा ताऱ्याच्या जन्मापासून उरलेला वायू नव्हे.

हाच निकाल डोळे झाकून तिमिंगल समूहातल्या ४९ सेटी या ताऱ्याला लावू नका. तिथं वायू कितीतरी जास्त आहे. कार्बनचे सुटे अणू अतिनील किरण अडवून धरत असतील, तर कार्बन मोनॉक्साइड १२० वर्षांहून खूप जास्त टिकतो. तिथं आधी ४९२ गिगाहर्ट्झजवळची कार्बनची रेषा बघा, मग भागाकार करा.