गोळी की नाचणा? हाडं ठिसूळ झाल्यावर या चुका टाळा

बाजारादिवशी एक मावशी आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रिकामं पाकीट घेऊन आल्या. "आक्का, ही गोळी खाल्ल्यापासनं छातीत आग पडाय लागलीया. दुसरं काय तरी गावठी द्या बघू." पाकीट बघितलं तर अ‍ॅलेंड्रोनेट, 70 मिलिग्रॅम. ठिसूळ हाडांवरची, आठवड्याला एकच घ्यायची गोळी. चार गोळ्या म्हणजे महिन्याची बेगमी, मावशींनी ती चार दिवसांत संपवली होती.

चूक कुणाची म्हणायची? डॉक्टर कन्नड बोलणारे. ते म्हणाले होते, 'वारक्के ओंदु'. कन्नडात वार म्हणजे आठवडा. आपल्या कानाला वार म्हणजे सोमवार, मंगळवार. मावशींनी ऐकलं, दर वाराला एक. खानापूर, निपाणी, बेळगाव या आपल्या पट्ट्यात अशी गंमत रोजच होते, पण औषधात ती अंगाशी येते. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला, पुढची गोळी थांबवली, तपासणीला पाठवलं. मावशींच्या मनात मात्र पक्कं बसलं की इंग्रजी औषध आपल्याला सोसत नाही. इथून पुढं नाचणा, हाडसांधीची वेल आणि देवाचं नाव.

गोळी घ्यावी की नैसर्गिक उपाय करावेत, हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. वीस वर्षं काउंटरमागं उभी राहून माझं मत असं झालंय की हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. आधी दोन गोष्टी कळायला हव्यात: हाड किती ठिसूळ झालंय, आणि एकदा मोडून झालंय का. त्या कळल्या की बहुतेक वेळा उत्तर आपसूक समोर येतं.

न मोजताच बाजू धरणं

हाडांची घनता मोजायची तपासणी म्हणजे डेक्सा. कमरेचे मणके आणि खुबा यांचा अगदी कमी किरणांचा एक्स-रे, पडून राहायचं, दुखत नाही. अहवालात टी-स्कोअर असतो, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या मानानं आपलं हाड किती उणं भरतं तो आकडा. जागतिक आरोग्य संघटनेनं 1994 मध्ये ठरवलेल्या मोजपट्टीनुसार उणे 1 पर्यंत ठीक, उणे 1 ते उणे 2.5 च्या मधे हाडं विरळ, आणि उणे 2.5 किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली.

गावात शिबिर लागतं, टाचेला यंत्र लावतात, कागदावर लाल पट्टी येते आणि बायका घाबऱ्याघुबऱ्या मेडिकलात येतात. टाचेची ती तपासणी म्हणजे चाळण. तिच्यावरून गोळी सुरू करू नये, आणि ती हिरवी आली म्हणून निश्चिंतही राहू नये.

बावन्न वर्षांची बाई, टी-स्कोअर उणे 1.8, कधी काही मोडलेलं नाही, स्टेरॉइड नाही, आईचा खुबा मोडलेला नाही. अशा बाईला बऱ्याचदा खाणं, व्यायाम आणि दोनेक वर्षांनी परत मोजणं एवढं पुरतं. तिनं शेजारणीची गोळी बघून हट्टानं गोळी मागणं हीसुद्धा चूकच. आणि उणे 3 वाल्या बाईनं नाचण्यावर भिस्त ठेवणं ही दुसऱ्या टोकाची.

"पडली म्हणून मोडलं"

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं माहेर जांबोटीच्या बाजूला. तिकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना अंगणातलं शेवाळ सांगायला नको. आई एकसष्ट वर्षांची असताना घसरली, हात टेकला, मनगट मोडलं. प्लास्टर झालं, सहा आठवड्यांनी निघालं, डॉक्टरांनी छान जुळलं म्हणून सांगितलं. हाडांची घनता बघा असं कुणी म्हणालं नाही, आणि मीही म्हणाले नाही. मी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, वर हाडसांधीचं चूर्ण. आपण काळजी घेतली याचं मला समाधानच होतं.

तीन वर्षांनी तिनं न्हाणीघरातला अर्धा हंडा उचलला आणि तिथंच खाली बसली. मणका दबला होता. एक्स-रे बघून हाडांचे डॉक्टर म्हणाले, हा दुसरा मणका, पहिला केव्हाच दबलाय. मग आठवलं. वर्षभर आई म्हणत होती, फडताळावरचा मिठाचा डबा हाताला येईना झालाय, लुगड्याचा घोळ पायात येतोय. आम्ही म्हणायचो, वय झालं. उंची चारेक सेंटीमीटरनं कमी झाली असेल तर मणक्याचा एक्स-रे काढायलाच हवा, हे मला पुस्तकात ठाऊक होतं. स्वयंपाकघरात दिसलं नाही.

उभ्या उंचीवरून पडून मनगट, खांदा, खुबा किंवा मणका मोडला, तर पन्नाशीनंतर तो नुसता अपघात नसतो. निरोगी हाड तेवढ्यानं मोडत नाही. खुबा किंवा मणका असा मोडला असेल, तर टी-स्कोअर फार वाईट नसला तरी औषधाची गरज धरतात, कारण एक मोडलं की दुसरं मोडण्याचा धोका वाढतो. इथं निव्वळ खाण्यानं भागत नाही. अमेरिकेत दोन हजारांवर बायकांवर केलेला एक अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा मणका आधीच दबलेला. अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्या बायकांमध्ये तीन वर्षांत मणका नव्यानं दबणं आणि खुबा मोडणं, दोन्ही जवळपास निम्म्यावर आलं. हाडसांधीच्या वेलीबद्दल किंवा प्रवाळ भस्माबद्दल इतका भक्कम पुरावा मला अजून कुणी दाखवलेला नाही. प्रवाळ म्हणजे शेवटी कॅल्शियमच की.

गावठी उपाय: कामाचे आणि घातकी एकाच पिशवीत

नाचण्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. शंभर ग्रॅम नाचण्याच्या पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ज्वारीत त्याच्या दहावा हिस्साही नाही. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम लागतं. दोन बेताच्या नाचण्याच्या भाकऱ्या, एक पेला दूध, वाटीभर दही, वर तिळाची चटणी. एवढ्यात सातशे-आठशेपर्यंत पोचता येतं. उरलेल्यासाठी कॅल्शियमची गोळी. ताटातूनच भरत असेल तर त्या गोळीचीही गरज नाही. (कुंद्याच्या मिठाईतही दूधच असतं, हे मला एका मधुमेही काकांनी पटवून द्यायचा प्रयत्न केला होता.)

पण कॅल्शियम म्हणजे विटा. गवंडीच कामावर नसेल तर विटा अंगणात पडून राहतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि जुनं हाड पोखरणाऱ्या पेशी नवं हाड बांधणाऱ्यांच्या पुढं धावतात. अ‍ॅलेंड्रोनेटसारखी गोळी त्या पोखरणाऱ्यांना आवर घालते. म्हणून भाकरी आणि गोळी एकमेकींच्या सवती नव्हेत. गोळी घेणाऱ्या बाईलाही कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतंच.

ड जीवनसत्त्वाची चूक उलट्या दिशेनं होते. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, असा कोर्स असतो. तो संपल्यावर थांबायचं किंवा डॉक्टर सांगतील तशी महिन्याला एक. आमच्याकडं वर्षभर दर रविवारी पुडी घेणारे लोक आहेत. कारण काय, तर बरं वाटतं. रक्तात कॅल्शियम वाढून मुतखडा झाला की मग बरं वाटत नाही.

आता घातकी गोष्ट. गुडघेदुखीवर कागदात बांधून मिळणारी बिननावाची पुडी. दोन दिवसांत दुखणं गायब, भूक वाढते, चेहरा गोल होतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं तपासण्यांत अनेकदा सापडलंय. आणि स्टेरॉइड तीन महिन्यांहून जास्त पोटात गेलं तर हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात. 'नैसर्गिक' म्हणून घेतलेली वस्तूच हाडं खात असते. पाकिटावर नाव, घटक, बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर ती पुडी घेऊ नका. बरेच महिने घेत असाल तर एका दिवसात बंदही करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं.

व्यायामात लोक चालण्यावर थांबतात. चालणं हवंच, पण हाडाला ओझं आणि शरीराला तोल हवा. हात न टेकता खुर्चीतून दहादा उठणं, जिना चढणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. मणका दबलेला असेल तर पुढं वाकायची आसनं, सूर्यनमस्कार आणि कमरेतून वाकून घागर उचलणं बंद. योगवर्गातल्या ताईंना हे आधीच सांगा, नाहीतर त्या प्रेमानं वाकवतात.

विडी-सिगारेट आणि दारू सुटल्याशिवाय बाकी सगळं अर्धवट. तंबाखूच्या मुलखात हे बोलणं जड जातं, तरी बोलते. आणि हे दुखणं फक्त बायकांचं नाही, पुरुषांचे खुबेही मोडतात.

गोळी सोसत नाही, की रीत चुकते?

गोळी सोडून देणारे बहुतेक जण जळजळीमुळं सोडतात. विचारत गेलं की निम्म्या वेळा घेण्याची रीतच चुकलेली सापडते. सकाळी उठल्यावर अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, न चावता. चहाबरोबर नाही, दुधाबरोबर तर नाहीच. नंतर अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथं जखम करते. चहा-दुधाबरोबर घेतली तर अंगाला लागतच नाही. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तरी ही गोळी वाया. कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर.

ठरलेला वार चुकला? आठवेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्या आणि पुढच्या आठवड्यापासून परत नेहमीच्या वारी. एका दिवशी दोन कधीच नाही.

रीत पाळूनही जळजळ होत असेल, गिळताना दुखत असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांकडं जा. अर्धा तास ताठ बसताच येत नसेल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. अशांसाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड असतं, 5 मिलिग्रॅम. त्यानंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते. पहिल्या वेळी जास्त, पुढं कमी. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी आणि ड जीवनसत्त्व ठीक असणं मात्र जरुरीचं.

या औषधांनी जबड्याचं हाड सडतं, मांडीचं हाड मोडतं, हे व्हिडिओ बघून येणारेही आहेत. दोन्ही घडतं, पण ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत फार क्वचित. दात काढायचा असेल तर औषध सुरू करण्याआधी काढून घ्या. मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं सुरू झालं तर लगेच सांगा. गोळीची पाच वर्षं किंवा झोलेड्रॉनिकची तीन झाली की विश्रांती द्यायची का, हे डॉक्टर ठरवतात.

डेनोसुमॅब हे हाडांचं आणखी एक इंजेक्शन. त्याला ही विश्रांती लागू नाही, आणि इथं हलगर्जी फार महाग पडते. सहा महिन्यांनी एकदा कातडीखाली 60 मिलिग्रॅम. बरं वाटलं म्हणून, मुलगा गोव्याला गेला म्हणून, पैसे नव्हते म्हणून पुढचं इंजेक्शन महिन्याच्या वर लांबलं तर हाडांची झीज उसळी मारते आणि एकदम दोन-तीन मणके दबू शकतात. थांबायचंच असेल तर जागी दुसरं औषध सुरू करावं लागतं. दर सहा महिन्यांचं जमेल का, खर्च झेपेल का, हे पहिल्या इंजेक्शनच्या आधी बोलून घ्या.

त्या मावशींची तपासणी झाली, जळजळ महिन्याभरात गेली, आणि टी-स्कोअर उणे 3.2 निघाला. डॉक्टरांनी तीच गोळी परत दिली. आता मी पाकिटावर पेनानं मराठीत लिहून देते. कुठला वार लिहू, विचारलं तर मावशी म्हणाल्या, "सोमवारच लिहा. म्हादेवाचा उपास असतोय, पोट रिकामंच असतंय." आणि पायरी उतरता उतरता मागं वळल्या. "उपासाला चहा चालतोय न्हवं?"

चालतोय मावशी. अर्ध्या तासानं.