जुन्या पिकअपचे मागचे ब्रेक घरी कसे करावेत: लायनर सोपे, हवा काढणं अवघड

नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज उतरताना पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं की माणूस घाटाखाली पोचून आधी पाणी पितो आणि मग फोन लावतो. पलीकडचा माणूस गाडी न बघताच सांगतो, 'मास्टर सिलेंडर गेला असेल.' हे वाक्य ऐकून एके काळी मी नवा मास्टर सिलेंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोचवणारा मुख्य पंप) आणून बसवला होता. पेडल होतं तिथेच राहिलं. जुना सिलेंडर अजून माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलाय, ठणठणीत.

पेडल खाली जाण्याची कारणं साधारण या क्रमाने तपासावीत: ड्रम (चाकाबरोबर फिरणारा बिडाचा डबा) आणि लायनर (त्याला आतून घासणारी पट्टी) यांमधली फट वाढली आहे का, कुठून ब्रेक ऑइल गळतंय का, लाइनमध्ये हवा आहे का, आणि सगळ्यात शेवटी मास्टर सिलेंडर. लोक उलटीकडून सुरुवात करतात, कारण महाग पार्ट बदलला की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

बहुतेक जुन्या पिकअपला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. हा लेख मागच्या ड्रमबद्दल आहे. तुमच्या गाडीचा ड्रम हबसकट निघत असेल आणि त्यासाठी अ‍ॅक्सल ओढावा लागत असेल, तर ते काम गॅरेजलाच द्या. तिथे बेअरिंगचं सेटिंग आणि ऑइल सील असा दुसराच खेळ सुरू होतो. नुसता ड्रम निघणाऱ्या गाड्यांना पुढचं सगळं लागू आहे.

खोलणं

गाडी सपाट जागेवर घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा. मागून उचला आणि घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) अ‍ॅक्सलखाली लावा, चासीखाली नाही. असं का, ते पुढे येईलच. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याजवळ बसणाऱ्याला मी शेडमध्ये उभाही करत नाही.

ड्रम गंजून बसला असेल तर कडेवर घण घालू नका, बिडाचा टवका उडतो. बऱ्याच ड्रमना दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यात मापाचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम आपणहून बाहेर ढकलला जातो. तरीही हलत नसेल तर आतून अ‍ॅडजस्टर (लायनरची फट कमी-जास्त करणारं दातेरी चाक) सैल करा. आतल्या कडेला झिजून आलेल्या धारेत लायनर अडकलेले असतात.

आतली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. साबणाच्या पाण्याने भिजवून फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.

लायनर आणि व्हील सिलेंडर

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू हा तुमचा नकाशा. फोनवर फोटो काढा हे खरं, पण कुठली स्प्रिंग कुणाच्या मागून गेली ते फोटोत कधीच दिसत नाही. दुसऱ्या बाजूचा ड्रम काढून बघितलं की दिसतं.

नवे लायनर दोन्ही बाजूंना एकदमच. एकच बाजू बदलली तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. खराद करून घ्यायचा असेल तर आधी तो आकडा वाचा आणि खरादवाल्यालाही दाखवा.

व्हील सिलेंडरचं (चाकातला, लायनर बाहेर ढकलणारा छोटा सिलेंडर) रबरी टोपण बोटाने थोडं उचला. आत ओलं दिसलं तर नव्या रबरांचं किट टाका किंवा सिलेंडरच बदला. 'थोडंसंच ओलं आहे' असं काही नसतं. रबराला डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, ग्रीस यांतलं काहीही लावू नका. रबर फुगतं आणि महिन्याभरात ब्रेक चिकटायला लागतात. धुवायला आणि बसवताना लावायला फक्त ब्रेक ऑइल वापरा. आणि ड्रम बाहेर असताना कुणालाही केबिनमध्ये चढू देऊ नका. पोरं चढतात, पेडल दाबतात आणि सिलेंडरचा पिस्टन बाहेर येऊन पडतो.

आधी फट, मग हवा

ड्रम चढवल्यावर लोक लगेच हवा काढायला बसतात. चूक. आधी लायनरची फट बसवा. मागच्या पत्र्यावरच्या खाचेतून पेचकस घालून दातेरी चाक फिरवत जा. ड्रम हाताने फिरेनासा झाला की पेडल दोन-तीनदा दाबून लायनर मध्यावर येऊ द्या, पुन्हा तपासा आणि मग काही दाते मागे घ्या. ड्रम हाताने फिरावा, पण कुठेतरी हलकं घासल्याचा आवाज यावा. फट जास्त राहिली तर लाइनमध्ये एक थेंब हवा नसली तरी पेडल खालीच जाणार, आणि तुम्ही तासभर नसलेली हवा काढत बसणार.

हवा काढणं

इथेच मी तीन संध्याकाळी घालवल्या. म्हणून सावकाश वाचा.

निपलवर (व्हील सिलेंडरच्या मागचा, हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सहा कोनांचा सॉकेट किंवा रिंग पाना वापरा. उघड्या पान्याने निपलचे कोपरे गोल होतात आणि पुढची संध्याकाळ त्यातच जाते. निपल हलत नसेल तर जोर वाढवू नका, भोवती हलके ठोके द्या. ते मोडलं तर सरळ व्हील सिलेंडर बदला, एवढ्या जुन्या गाडीत ड्रिल मारत बसण्यात अर्थ नाही.

ब्रेक ऑइल नवं, सीलबंद डब्यातलं घ्या. डब्यावर किंवा झाकणावर डॉट ३ लिहिलंय की डॉट ४, ते बघा. ही दोन्ही एकमेकांत चालतात; डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात घालू नका. शेडमध्ये वर्षभर अर्धवट पडलेला डबा वापरू नका, कारण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी ओढलेल्याचा १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. भरलेली गाडी घाटात ब्रेकवरच उतरवली की तेवढी उष्णता सिलेंडरपर्यंत पोचते, ऑइलची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल एकदम खाली जातं ते यामुळे. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

इंजिन बंद ठेवा आणि पेडल पाच-सहा वेळा दाबून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम संपवा. सुरुवात मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या क्लीनर साइडने. मग मागची ड्रायव्हर साइड. पुढची लाइन उघडली नसेल तर पुढे हात लावायची गरज नाही. पण ऑइल खूप जुनं झालं असेल तर सगळंच बदलून टाका. माशांच्या टाकीला लावतात तसली पारदर्शक नळी आणा. तिचं टोक गरम पाण्यात बुडवलं की ती निपलवर चढते. दुसरं टोक बाटलीत, थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडलेलं ठेवा.

आता पेडलवर बसणारा माणूस. पहिल्या वेळी पुतण्याला बसवलं होतं. मी गाडीखालून ओरडलो, 'सोडू नको!' त्याला ऐकू आलं 'सोडू', आणि त्याने पाय काढला. निपल उघडं होतं, अर्धी नळी हवा आत ओढली गेली. असं चारदा झालं आणि चारही वेळा मी त्याच्यावरच डाफरलो. चूक माझ्या शब्दांची होती. आता आमचे शब्द तीनच. 'दाब' म्हटलं की तो दाबतो आणि 'दाबलं' असं मोठ्याने सांगतो. मी निपल पाव फेरा उघडतो. पेडल खाली जातं, तो ते तसंच धरून ठेवतो. मी निपल बंद करतो आणि मगच म्हणतो, 'सोड'. 'सोड' हा शब्द निपल बंद असतानाच तोंडातून निघायचा, एरवी कुठल्याही वाक्यात नाही. 'झालं का?' हेही विचारायचं नाही, समोरचा त्याचा काहीही अर्थ लावतो.

पेडल सावकाश दाबायचं. 'जोरजोरात पंप मार' हा सल्ला गावोगावी दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. पंप मारल्याने मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक बुडबुडे होतात, ऑइलचा फेस होतो, आणि तो फेस बाहेर काढता काढता अंधार पडतो. दुसरं, पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये रबर रोज जेवढं फिरतं तेवढाच भाग गुळगुळीत असतो. त्यापुढे गंज आणि कड साचलेली असते. पेडल तळापर्यंत गेलं की रबर त्या कडेवरून जातं आणि चिरतं. अशा वेळी चांगला मास्टर सिलेंडर खरोखरच जातो, आणि मग 'सांगितलं होतं ना' म्हणणारे शहाणे ठरतात.

दर चार-पाच दाबांनंतर वरची ब्रेक ऑइलची टाकी बघा. टाकी रिकामी होऊन हवा आत गेली तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं. हे माझं एकदाच झालं, कारण मध्येच चहा आला.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी मास्टर सिलेंडर विकत घेतला, ती. बऱ्याच पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलजवळ लोड व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी किंवा स्प्रिंग अ‍ॅक्सलला जोडलेली असते. गाडी भरलेली असली की पाटे दबतात, चासी खाली येते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. मी घोड्या चासीखाली लावल्या होत्या. अ‍ॅक्सल खाली लोंबकळत होता, म्हणजे व्हॉल्व्हच्या हिशेबाने गाडी रिकाम्याहूनही रिकामी. त्याने मागची लाइन जवळजवळ आवळून धरली होती. निपलमधून ऑइल ठिबकत होतं आणि मी त्याला हवा समजत होतो.

तिसऱ्या संध्याकाळी चुलते आले. आयुष्यभर ट्रकवर ड्रायव्हर होते. पायरीवर बसून त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, 'चाकं लोंबकळतायत की रे. तिला वजन दे.' घोड्या अ‍ॅक्सलखाली घेतल्या, हौद्यात खताची दहा पोती टाकली, आणि वीस मिनिटांत दोन्ही बाजूंनी स्वच्छ धार आली. पोती नसतील तर व्हॉल्व्हची दांडी भरलेल्या गाडीत ज्या बाजूला जाते त्या बाजूला तारेने ओढून बांधा. काम झाल्यावर ती तार आठवणीने सोडा. काही व्हॉल्व्हवर स्वतःचं वेगळं निपल असतं. असेल तर तिथूनही हवा काढा. दांडी गंजून जाम झाली असेल तर मोकळी करा, पण तिच्या लांबीला हात लावू नका, ते कंपनीचं सेटिंग असतं.

मदतीला कोणीच नसेल तर निपल उघडून, नळी बाटलीत सोडून नुसतं ठिबकू द्या आणि टाकी भरत राहा. वेळ लागतो, पण ज्याला ओरडून घ्यायचं नसेल त्याच्यासाठी ही पद्धत बरी.

रस्त्यावर काढण्याआधी

पेडल वर आणि कडक हवं. ते अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेही गळत नसेल, तर तेव्हा मास्टर सिलेंडरवर संशय घ्या. आता इंजिन सुरू केल्यावर दाबलेलं पेडल किंचित खाली जाईल. तो बूस्टर आहे, घाबरू नका.

हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी बसवा, लायनरच्या आधी कधीच नाही. पहिली चाचणी शेतात किंवा मोकळ्या मैदानात, रिकाम्या गाडीने, वीसच्या वेगात. मग गावातल्या रस्त्यावर. घाटात माल भरून पहिल्याच दिवशी जाऊ नका, लायनर ड्रमला बसायला वेळ लागतो. दोनेक भाडी झाली की पुन्हा फट तपासा, दातेरी चाक एक-दोन दाते पुढे घ्यावंच लागतं, आणि निपलवर रबरी टोपी आहे का तेही तेव्हाच बघा.