फोटो काढायला काही सापडत नाही? आधी पानावरच्या खुणा बघा

खूप जण म्हणतात की आमच्या इथे फोटो काढण्यासारखं काही नाहीच, बिल्डिंग, पार्किंग आणि कडेला चार झाडं, संपलं. वाघासाठी ताडोबा, फुलांसाठी कास, फ्लेमिंगोसाठी ऐरोली, असं एकदा डोक्यात बसलं की मग वर्षातून दोनदाच कॅमेरा बाहेर निघतो. त्या ठिकाणी जरूर जा, पण रोज काहीतरी टिपावंसं वाटायला हवं असेल तर घराजवळची एकच छोटी जागा धरा, एखादी कुंडी, कुंपणाची भिंत, रस्त्याकडेचं रुईचं झाड काहीही, आणि तिथेच परत परत जात राहा. आत्ता पावसाळा आहे, यापेक्षा चांगला सीझन नाही.

आता बघायचं काय? माझं सरळ म्हणणं आहे, किडे शोधत बसू नका, खुणा शोधा. किडा लपलेला असतो, खूण उघड्यावर असते. कुरतडलेलं पान, गुंडाळलेलं पान, पानावर पडलेले काळे दाणे, भिंतीवरचा मातीचा गोळा, हे दिसलं की "हे कोणी केलं?" एवढाच प्रश्न विचारायचा. तो प्रश्न एकदा डोक्यात आला की फोटो काय काढू हा प्रश्नच उरत नाही, तुम्ही आपोआप वाकून बघायला लागता.

कढीपत्त्यापासून सुरुवात करा, बहुतेक घरी किंवा शेजारी असतोच, नसेल तर लिंबू चालेल. कोवळ्या पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर पुसून टाकू नका, नीट बघा, कदाचित ती अळी असेल. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन या दोन्ही फुलपाखरांच्या लहान अळ्या तशाच दिसतात, काळपट-तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग, त्यामुळे पक्षी त्यांना खायचं म्हणून बघतच नाहीत. थोडे दिवस गेले की तीच अळी हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. तिला धोका वाटला की डोक्यामागून दोन फाट्यांचा लालसर अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. तो फोटो भारी येतो हे खरं, पण त्यासाठी अळीला काडीने टोचू नका प्लीज, तिचं ते बचावाचं हत्यार आहे. पुढे कोष होतो, कमरेला रेशमाचा एक बारीक धागा बांधून फांदीला टेकलेला, आणि कोषाचा रंग आजूबाजूला बघून हिरवा किंवा तपकिरी असतो. म्हणजे एका कुंडीत अंडं, शीटेसारखी अळी, हिरवी अळी, कोष, फुलपाखरू असे पाच वेगळे विषय झाले, आणि कुठे जायला पण लागलं नाही. अळी पानं खाते म्हणून उपटून फेकणारे लोक आहेत, त्यांना एवढंच सांगेन की कढीपत्ता परत फुटतो.

लिंबाच्याच पानावर कधी चंदेरी नागमोडी रेघ दिसते, कोणीतरी पेनाने गिरवल्यासारखी. एका इवल्याशा पतंगाची अळी पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली राहून आतल्या आत खात पुढे सरकते, तो तिचा रस्ता. हे पान सूर्याकडे धरून मागून उजेड येऊ द्या आणि मग फोटो काढा, रेघेच्या मधोमध काळी बारीक लाइन दिसेल, ती तिची विष्ठा. गुलाबाच्या पानाच्या कडेला स्वच्छ गोल काप दिसले तर ते लीफकटर मधमाशीचं काम, ती ते तुकडे नेऊन घरट्यातल्या पिल्लांच्या खोल्यांना अस्तर लावते. खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं छोटं मडकं असेल तर ते कुंभारीण माशीचं, आत तिने बधिर केलेल्या अळ्या पिल्लाच्या जेवणासाठी ठेवलेल्या असतात. मडक्याला भोक पडलेलं असेल तर पिल्लू मोठं होऊन उडून गेलं असण्याची शक्यता जास्त, भोक नसेल तर हात लावू नका.

मोबाइलचं आता. महागडा कॅमेरा नको, पण काही गोष्टी कराच. एक तर लेन्स पुसा, पावसाळ्यात बोटांचा ओलावा आणि वाफ बसून सगळं धुरकट येतं आणि लोक फोनला दोष देतात. एसीतून बाहेर आलात तर लेन्सवर धुकं धरतं, थोडा वेळ थांबा, आपोआप जातं. दुसरं, फार जवळ जाऊ नका, बऱ्याच फोनच्या मेन लेन्सला साधारण 10 सेंमीच्या आत फोकसच होत नाही, तेव्हा जरा मागे सरकून 2एक्स झूम वापरा, मॅक्रो मोड (अगदी जवळून फोटो काढायची सोय) असेल तर मग जवळ जा. स्क्रीनवर बोट दाबून ठेवलं की फोकस लॉक होतो, मग ब्राइटनेस थोडा खाली ओढा. मृगाचा किडा, म्हणजे पहिल्या पावसात मातीवर फिरणारा तो लाल मखमली जीव, त्याचा ब्राइटनेस खाली न ओढता फोटो काढलात तर नुसता लाल ठिपका येतो, मखमल दिसतच नाही, पांढऱ्या-पिवळ्या फुलांचंही तेच. फ्लॅश बंद. ढगाळ उजेड बारीक गोष्टींना सगळ्यात चांगला, सावल्या कडक पडत नाहीत.

आणि एक ट्रिक जी मला सगळ्यात आवडते, फोन उलटा धरा. कॅमेरा फोनच्या वरच्या टोकाला असतो ना, उलटा केला की लेन्स जमिनीला जवळजवळ टेकते, मग बोटभर उंचीचं फूल पण झाडाएवढं दिसतं आणि मागे आभाळ येतं. उभं राहून वरून काढलेला फोटो आणि हा, फरक लगेच कळेल. वारा असेल तर एका हाताने आडोसा करा आणि बर्स्टवर (एका दमात लागोपाठ फोटो काढणारा मोड) दहा-बारा फोटो घ्या, त्यातला एखादा शार्प निघतोच. फुलपाखरू बसलं असेल तर फोन त्याच्या पंखाला समांतर ठेवा, नाहीतर अर्धा पंख शार्प आणि अर्धा ब्लर येतो. किड्यांमध्ये डोळा शार्प हवा, बाकी ब्लर चालतं.

हे घरी जमलं की मग कासला गेल्यावर तुम्ही बाकीच्यांपेक्षा वेगळं बघाल. साताऱ्यापासून साधारण 25 किमी, 2012 पासून पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत आहे, ऑगस्टच्या शेवटापासून फुलं बहरतात आणि गर्दी पण. लोक निळ्या-जांभळ्या गालिच्यासमोर सेल्फी काढून परत फिरतात, पण त्या गालिच्यातलं एक फूल जवळून बघा. सीतेची आसवं हे नाव ऐकलं असेल, त्या झाडाला खरी मुळं नाहीत, मातीखाली बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवी त्याला आत ओढून घेते. म्हणजे ते नाजूक फूल एका मांसाहारी झाडाचं आहे! तिथेच दवबिंदू नावाची वनस्पती सापडते, पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब, ऊन वर आलं तरी वाळत नाहीत, कारण ते दव नाहीच. कोवळं ऊन त्या थेंबांमागून येऊ द्या आणि एखाद्या थेंबाला चिकटलेली चिलटं शोधा. हे सगळं आखलेल्या वाटेच्या कडेला बसूनच करायचं, आत पाय टाकायचा नाही, कातळावर मातीचा थर इतका पातळ असतो की एका बुटाखाली खूप काही जातं.

पावसाळ्यात गवतात, दगडाखाली हात घालू नका, आधी काठीने गवत हलवून बघा, सापांचा काळ असतो. केसाळ सुरवंटाला बोट लावू नका, पुरळ उठते. आणि फोटोसाठी फूल तोडणं, घरट्यावरची पानं बाजूला करणं, किड्यावर पाणी मारणं, हे कोणी करताना दिसलं तर प्रेमाने सांगा पण सांगा.

नाव माहीत नसेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्ग निरीक्षणांच्या अ‍ॅपवर फोटो टाका, तिथे जाणकार लोक ओळखून देतात. त्यासाठी एक फोटो वरून, एक बाजूने आणि एक झाडासकट पूर्ण असा घेऊन ठेवा, कारण अळी कुठल्या झाडावर होती हे कळलं की अर्धी ओळख तिथेच पटते. दुर्मीळ ऑर्किड किंवा कंदीलपुष्प (कंदिलासारखी फुलं येणारी कंदाची वनस्पती) सापडलं तर मात्र अचूक लोकेशन लपवा, कंद उपटून नेणारे लोक असतात.