चवथीत वजनकाट्याला पाच दिवस सुट्टी द्या

वजन कमी करणाऱ्यांना चवथ, म्हणजे गोव्यातली गणेश चतुर्थी, आली की धास्ती वाटते. आधीचे दोन दिवस उपाशी राहायचं, मग माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताखाली) बसून नेवऱ्यांवर, म्हणजे करंज्यांवर, तुटून पडायचं आणि नंतर स्वतःला बोल लावायचा. हे उपाशी राहणंच घात करतं. सकाळी नेहमीसारखी न्याहारी करा, म्हणजे पानावर बसताना पोटात आग पडलेली नसेल.

पानात पहिलं खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांची भाजी, वाढून घ्या, तेही भरपूर. सुरण, मुळा, शेंगा, तूरडाळ, वरून तेफळाचा वास. त्यानं पोट खरंच भरतं. मग गोड. पातोळी हळदीच्या पानात उकडलेली असते, नेवरी तळलेली. सारणात गूळखोबरं दोन्हींकडे असतंच, पण एका ग्रॅम तेलात 9 कॅलरी, म्हणून नेवरी मोजून खा. एक घ्या, पण गप्पांच्या नादात नको. कड मोडून, खुसखुशीत पारीचा आवाज ऐकत खा. आवडीचा पदार्थ चोरून खायची पाळी कुणावरही येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

काकी आग्रह करतीलच. "काकी, दोन नेवऱ्या डब्यात द्या, उद्या चहासोबत खाईन" म्हटलं की त्यांचं मन मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसला तर घाबरू नका. मीठ आणि पिष्टमय पदार्थांमुळे शरीर पाणी धरून ठेवतं. ती सगळी चरबी नव्हे. विसर्जनानंतर आठवडाभरानं वजन करा.