मिशनवर गेलेल्या जवानाशी घरून संपर्क: आधी फोन न येण्याचा दिवस ठरवा

मिशन म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतली परदेशातली नेमणूक. मोबाईल, रिचार्ज, व्हॉट्सॲप घरात असेलच. त्यावर वेळ घालवत नाही.

घड्याळ समजून घ्या. दक्षिण सुदान आणि काँगोतलं गोमा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. लेबनॉन हिवाळ्यात साडेतीन, उन्हाळ्यात अडीच. तिकडे संध्याकाळी सहाला सुटून पोरगा फोन लावतो, तेव्हा आपल्याकडे साडेनऊ आणि माय झोपलेली. म्हणून रविवारी, तिकडच्या दुपारी बोला.

ॲप एकच ठेवा. फेसबुकच्या फंदात पडू नका. 2020 मध्ये लष्करानं जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 ॲप काढायला लावली होती.

‘व्हिडिओ कॉलच करा, चेहरा दिसला पाहिजे’ असं सांगणारा माणूस नागपुरात वायफायवर बसलेला असतो. आपल्याकडे लाइन गेली की टॉवरही जातो. त्यापेक्षा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. रेंज आली की तो जातो, आणि पोरगा खोलीवर आल्यावर दोनदा ऐकतो. बुढीला लिहिता येत नसलं तरी बोलता येतंच.

आता खरी अवघड पायरी. ‘पोचलो की रोज फोन करीन’ असं वचन त्याच्याकडून घेऊच नका. रोजचा फोन एक दिवस चुकला की घरात रडारड सुरू होते, आणि तो चुकणारच. दक्षिण सुदानात साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा. मातीचे रस्ते बंद पडतात, बाहेरच्या तळावरची तुकडी अडकते. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या सरकारनं फेसबुक, टिकटॉक काही दिवस बंद ठेवलं. त्याच महिन्यात एम-23 बंडखोरांनी गोमा घेतलं. टीव्हीवर ते पाहून कोणत्या मायला झोप लागेल?

म्हणून तो निघायच्या आधी सगळ्यांनी बसून ठरवा. एक रविवार चुकला, तर काही करायचं नाही. दुसरा चुकला, तर घरातल्या एकाच माणसानं युनिटच्या रिअर पार्टीला, म्हणजे मागे भारतात राहिलेल्या तुकडीला, फोन करायचा. एकाच! बायको वेगळी, मामा वेगळा, सरपंच वेगळा असे फोन गेले की उत्तरं गोंधळतात आणि गावात भलतंच पसरतं. रिअरचा नंबर, त्याचा आर्मी नंबर, रँक, युनिट कागदावर लिहून कपाटात ठेवा. फक्त मोबाईलमध्ये नको, मोबाईल शेतात विहिरीतही पडतो. रिअरचा फोन लागतच नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे जा.

तोवर त्याला मिस्ड कॉलवर मिस्ड कॉल देत बसू नका. मिशनवर असताना रेंजमध्ये आल्यावर घरच्या मिस्ड कॉलची रांग पाहून माझे हातपाय गार पडले होते. घरी सगळे धडधाकट, नुसती काळजी. ‘लगेच फोन कर’ एवढंच लिहिणं त्याहून वाईट. कारण सोबत लिहा: ‘बाबा अकोल्याला दवाखान्यात, शुद्धीवर आहेत, बोलतात.’

‘वाईट बातमी कळवू नका, तो तिकडे काय करणार?’ हा सल्ला तर मला अजिबात पटत नाही. तुम्ही लपवाल, गावच्या ग्रुपवर कोणीतरी फोटोसकट टाकेल. सोयाबीन सडलं, बोंडअळी पडली, हे सरळ सांगा. जीवावरचं दुखणं किंवा मृत्यू असेल, तर आधी रिअरला कळवा. तिकडचे साहेब त्याला जवळ बसवून सांगतात आणि सुट्टीचं कामही लगेच हाती घेता येतं.

राहिली एक गोष्ट. त्याचा वर्दीतला, तळावरचा फोटो स्टेटसला ठेवायचा नाही. धाकट्या भावाला हे दोनदा सांगा, पोट्टे एकदा सांगून ऐकत नाहीत.